मुंग्या आल्या तर या

आमच्या हॉस्पिटलात हात मोडायचा एकाचा आणि पाय दुमडून बसायची शिक्षा व्हायची दुसऱ्याला. मोडलेल्या माणसाबरोबर जे कोणी आलेलं असेल, आई, मेहुणा, शेजारी, त्याला प्लास्टररूमच्या बाहेर फरशीवर एक पाय अंगाखाली घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसावं लागायचं. समोर स्टुलावर एक बुटका माणूस बसलेला असायचा, कोपरापर्यंत पांढऱ्या हातांचा. तो थोड्या थोड्या वेळानं विचारायचा, "आलं का? नाय आलं? मग बसा आजून."

ते आलं की बसलेल्याचं तोंड वाकडं व्हायचं, तो पाय पसरायला बघायचा. तेवढ्यात हा त्याची पोटरी धरून ठेवायचा. "हे. आत्ता पायात जे व्हतंय ना, तेच पोराच्या बोटात झालं, की हातातलं काम टाकून इकडं निघायचं. याला तुमच्यात काय म्हणतात ते म्हणा. पण हे." मग सुटका. एकदा मी एका फौजदारालासुद्धा असं बसलेलं पाहिलंय, पट्टा सैल करून, चेहरा लालबुंद. त्याच्या मुलीचं मनगट मोडलं होतं. आधी त्यानं आवाज चढवून पाहिला, मग निमूट बसला.

त्या बुटक्या माणसाला सगळे मामा म्हणायचे. हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईला मावशी म्हणतात, त्यात नात्याचं काही नसतं. आमच्याकडे असे मामा तिघं-चौघं होते, पण नुसतं मामा म्हटलं की प्लास्टरमामाच. मी तिथे एक्स-रे काढायचे. खेड्यातली माणसं एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून मामांनी पहिल्याच दिवशी मला फोटोबाई करून टाकलं. मी नुकताच डिप्लोमा करून आले होते, अंगावर पांढरा कोट होता आणि नाकावर राग. म्हटलं, मी काय लग्नात फोटो काढत फिरते का? ते शांतपणे म्हणाले, "नाय. तुम्ही आतल्या फारकती दाखवता." त्यानंतर पंधरा वर्षं मी फोटोबाईच राहिले.

हॉस्पिटल खाजगी होतं, नाशिकच्या हायवेपासून जवळ, त्यामुळे मोडलेल्या माणसांना तोटा नव्हता. चांदवडच्या बाजूनं कांद्याच्या ट्रॅक्टरवरून पडलेले यायचे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले कामगार यायचे आणि सिडकोतल्या मोरीत घसरलेल्या आज्या तर रोज. आजीनं पडताना हात टेकलेला असायचा आणि मनगट पालथ्या ठेवलेल्या काटेचमच्यासारखं वाकलेलं. मामा ते मनगट हातात घेऊन आधी आजीला रागवायचे, "मोरीत पळत कशाला गेली? कुणी बोलवत व्हतं का?" आजी त्यांच्याशी भांडायला लागायची आणि तेवढ्या भांडणात डॉक्टरसाहेब हाड ओढून जागेवर बसवायचे. हे त्या दोघांचं ठरलेलं होतं. मला ते समजायला सहा महिने लागले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्लास्टरच्या तयार पट्ट्या आमच्याकडे क्वचित यायच्या. मामा त्या स्वतः करायचे. दुपारी पेशंट कमी झाले की टेबलावर जाळीदार कापड पसरायचं, त्यात पांढरी पूड तळव्यानं घोळवायची, सैलसर गुंडाळी करायची आणि झाकणाच्या डब्यात भरून ठेवायची. पावसाळ्यात पूड सर्द झाली की त्यांचा दिवस वाईट जायचा. पट्टी बादलीत सोडली की बुडबुडे थांबेपर्यंत ते कुणाशी बोलायचे नाहीत. डॉक्टरसाहेबांनी हाक मारली तरी नाही. त्या पुडीनं त्यांच्या हाताला भेगा पडलेल्या होत्या आणि खिशात खोबरेल तेलाची बाटली असायची. घरीदारी त्यांच्या अंगाला खोबरेलाचा वास यायचा, डोक्याला मात्र तेलाचा थेंब नाही, केस कोरडे फटफटीत.

प्लास्टर वाळलं की त्यावर ते कॉपिंग पेन्सिलीनं तारीख घालायचे आणि आत हाड कसं मोडलंय त्याची रेघ काढायचे. दुसऱ्या कुणी प्लास्टरवर काही लिहिलेलं त्यांना खपत नसे. कॉलेजातली पोरं मित्रांच्या सह्या घेऊन यायची आणि मामांच्या शिव्या खायची. "शाळेचं बाक हे का?" शिवाय तपासायला आलेल्या प्रत्येकाच्या प्लास्टरला ते नाक लावून हुंगायचे. आत जखम चिघळली तर वास आधी येतो, हे त्यांचं कारण. बायका संकोचून मरायच्या. मामांना त्याचं काही नव्हतं.

"मोडलंय का नुसतं फ्रॅक्चर आहे हो?" हा प्रश्न दिवसातून दहादा यायचा. लोकांना वाटतं फ्रॅक्चर म्हणजे थोडंसं आणि मोडणं म्हणजे पुरतं. डॉक्टरसाहेब समजावून थकले होते. मामा म्हणायचे, "मोडलंय. इंग्रजीत मोडलं म्हणून लवकर जुळतं असं नाय." आणि कुणी आभार मानायला लागलं की, "आम्ही नाय जोडत. हाड आपलं आपण जोडतं. आम्ही फक्त त्याला हलू देत नाय." हाताचं हाड मधोमध मोडलेलं असताना मनगटही बांधायचं आणि कोपरही, हे लोकांना पटायचं नाही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "भांडण नवरा-बायकोचं असलं, तरी सासर अन् माहेर दोन्ही घरं धरून ठेवायला लागतात. नायतं मधलं कसं मिटायचं?" हे सांगताना ते हसायचे नाहीत. त्यांना हसताना मी फार थोडं पाहिलंय.

मांडीचं हाड मोडलं तर आमच्याकडे तेव्हा ताण लावायचे. गुडघ्याखालून हाडात सळई, सळईला दोरी, दोरी पलंगाच्या कडेच्या चाकावरून खाली आणि तिच्या टोकाला विटा. मांडीतले स्नायू मोडकी टोकं एकमेकांवर ओढतात, ती ओढ मोडायला. दीड-दीड, दोन-दोन महिने माणूस तसा पडून. एकलहऱ्याचा एक कामगार असा पडला होता. मामा फेरीला गेले की विटा टांगलेल्या असायच्या, आणि पाठ वळली की त्याची बायको हळूच विटांखाली स्टूल सरकवायची. चार दिवसांनी मी फोटो काढला तर हाड होतं तिथेच चढलेलं. मामांनी स्टूल उचलून खिडकीबाहेर फेकलं.

"अहो, रडतात ते. बघवत नाही मला," ती बाई म्हणाली.

"मग बघू नका. पाय दोन इंच आखूड झाला तं जन्मभर बघायला लागंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉर्डातली सगळी स्टुलं आणि खुर्च्या उचलून वर गच्चीवर नेऊन ठेवल्या. महिनाभर भेटायला येणारे नातेवाईक उभे राहून बोलले. डॉक्टरसाहेबांच्या सासूबाईसुद्धा.

हे सगळं सांगितलं की माणसं हसतात आणि मामा म्हणजे गमतीचा प्राणी होता असं त्यांना वाटतं. माझं सांगणं तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पाय दुमडून बसवायचा प्रकार मी नोकरीला लागले तेव्हा नव्हता. तो सुरू कसा झाला, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

थंडीचे दिवस होते. हरसूलकडची एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी भाताच्या पेंढ्याच्या गंजीवरून पडली होती. उजव्या कोपराच्या वरचं हाड मोडून मागे सरकलेलं, कोपर टम्म फुगलेलं. लहान मुलांचं हे मोडणं वाईट. हाडाला लागूनच हाताची मोठी रक्तवाहिनी जाते, सूज वाढली की तीच दाबली जाते आणि आत हातातलं मांस मरायला लागतं. डॉक्टरसाहेबांनी भूल देऊन हाड बसवलं. मामांनी पूर्ण प्लास्टर घातलं नाही. मागून अर्धं पन्हाळीसारखं लावलं आणि वरून साधी पट्टी गुंडाळली, सुजेला जागा राहावी म्हणून. आणि म्हणाले, रातभर हिला इथंच ठेवा.

बाई तयार नव्हती. घरी अंगावर पिणारं पोर शेजारणीकडे ठेवून आली होती, नवरा द्राक्षाच्या बागेत कामाला, चार दिवसांनी येणार. शेवटची एसटी गेली तर सगळंच अडलं असतं. डॉक्टरसाहेबांनी जाऊ दे म्हटलं. मग मामांनी तिला समोर बसवून नेहमीचं वाक्य सांगितलं. "बोटं गार पडली, निळी झाली, नायतं हाताला मुंग्या आल्या, तर असंल तिथून लगेच यायचं. म्हणा बघू." त्यांची ती सवयच होती, समोरच्याकडून वाक्य म्हणून घ्यायचं. बाईनं शब्द न् शब्द बरोबर म्हटला. मामांचं समाधान झालं.

जाताना ती फोटो घ्यायला माझ्या खिडकीशी आली. फोटो अजून ओला होता, मी तो पंख्यासमोर धरला होता. आत टेबलावर कुणीतरी बोंबलत होतं.

"बाई," ती म्हणाली, "मुंग्या कशानं येत्यात?"

आदल्याच आठवड्यात एका पोराच्या प्लास्टरमध्ये गुळाचा पाक गेला होता आणि आत मुंग्या झाल्या होत्या. ते माझ्या डोक्यात होतं. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "गोडधोड काही सांडू देऊ नका. खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा."

"खाटेच्या," ती म्हणाली.

"हो. म्हणजे चढणार नाहीत."

मी फोटो पाकिटात घालून दिला. तिनं तो डोक्याला लावला आणि गेली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मामा बोलत होते हात बधिर होतो त्या मुंग्यांबद्दल, ती समजली होती चालत येणाऱ्या मुंग्या. आणि मी, जिला दोन्ही मुंग्या ठाऊक होत्या, त्या बाईची चुकीची समजूत पक्की करून दिली.

चौथ्या दिवशी ती आली, सांगितलेल्या तारखेला. मुलगी कडेवर बसून डाव्या हातानं बिस्कीट खात होती. मी काहीतरी विचारायला प्लास्टररूमच्या दारात उभी होते. मामांनी बोटांकडे बघितलं आणि हातातली बादली खाली ठेवली. बोटं सुजून तळव्याकडे वळलेली होती. त्यांनी नख दाबलं. ते पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. त्यांनी टाचणी घेऊन बोटाला टोचली. मुलगी बिस्कीट खात राहिली.

"हिला कवापासून असं हे?"

"दोन दिस लय रडली, मामा. बोटं गार वाटत होती, पण थंडीच हाय आमच्याकडं, समद्यांचीच गार. चुलीपुढं धरून बसली मी. तिसऱ्या दिशी रडायची थांबली. म्हटलं उतार पडला."

"अन् मुंग्या?"

"नाय येऊ दिल्या." तिचा चेहरा उजळला. "एक पण मुंगी नाय येऊ दिली. आमच्याकडं कुठली खाट, मास्तरच्या घरून मागून आणली. चार वाट्या ठेवल्या. मी बसून राहिली बाजूला."

हे सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, मी शाबास म्हणेन. मी हातातल्या एक्स-रे फिल्मच्या कॅसेटकडे बघायला लागले.

 मामांनी कात्री घेतली आणि पट्टी उभी कापत गेले. कात्रीचा कडकड आवाज येत होता. त्याच दुपारी डॉक्टरसाहेबांनी हात उघडला. मेलेलं मांस काढून टाकलं. हात राहिला, पण बोटं वळली ती वळलीच. उजवा हात, आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिसरीत शिकणारी.

डॉक्टरसाहेब बाहेर येऊन ओरडले, "तुम्ही सांगितलं काय होतं तिला?" मामा म्हणाले, "मुंग्या म्हणलो, साहेब. मुंग्याच म्हणलो. माझ्या तोंडाची चूक हे." मी चार पावलांवर उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण घाबरले. पुढे मी स्वतःसाठी कितीतरी कारणं तयार केली, पण खरं कारण तेवढंच.

त्यानंतर मामांनी तो शब्द सोडला. पंधरा दिवस ते प्लास्टररूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "पायावर लय येळ बसलं की पायाला जे व्हतं, त्याला तुमच्यात काय म्हणतात?" आणि सांगतील ते भिंतीवर पेन्सिलीनं लिहायचे. झिणझिण्या. बधिर. पाय मेला. पाय आंबला. मालेगावच्या एका विणकरानं सुन्न सांगितलं, सटाण्याच्या म्हातारीनं तिच्या बोलीत हात झोपी गया. सुरगाण्याकडची माणसं आपसात बोलून एक शब्द सांगायची आणि दुसऱ्या दिवशी दुसरी येऊन तो खोडायची. भिंत भरत आली. मग एके दिवशी ते मला म्हणाले, "फोटोबाई, शब्दाचा भरवसाच नाय. प्रत्यक्षच दाखवायला पाहिजे." आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं पाय दुमडून बसायला लागली. लोकांनी वेडा म्हटलं. भिंत पुढे रंगवून घेतली तेव्हा त्यांनी काही हरकत घेतली नाही.

आठवड्याची सुट्टी त्यांनी बदलून हरसूलच्या बाजाराच्या दिवशी घेतली. त्या दिवशी सकाळी पूड, पट्ट्या आणि तेलाची बाटली पिशवीत घालून ते एसटीनं जायचे. त्या मुलीची बोटं कोमट पाण्यात शेकायची, तेल लावून एकेक हळूहळू उघडायचं, जेवढं उघडेल तेवढ्यावर पन्हाळी बांधून ठेवायची. पुढच्या आठवड्याला ती काढायची आणि जरा जास्त उघडून नवीन. असं वर्षानुवर्षं. डॉक्टरसाहेबांनी सांगून पाहिलं की यातून फार काही निघणार नाही. मामा म्हणाले, "थोडं निघंल ना?"

घरी मामी होत्या, मूलबाळ नव्हतं. बाजाराच्या दिवशी हा माणूस हरसूलला एका बाईच्या घरी जातो, ही गोष्ट वस्तीत पसरायला कितीसा वेळ लागणार? मामींनी एकदा मला रस्त्यात गाठलं. "तुम्ही तिथं काम करता. खरं काय ते सांगा. यांनी तिकडं घर केलंय का?" मी म्हटलं, "छे हो, मामी. पेशंट आहे ती." "कोणत्या पेशंटाकडं माणूस दहा वर्षं जातो?" त्या म्हणाल्या. याला माझ्याकडे उत्तर होतं. मी ते दिलं नाही. मामी शेवटपर्यंत त्यांच्याशी कामापुरतं बोलल्या.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मामा माझ्या खोलीत येऊन हिशेब द्यायचे. स्वतःचीच बोटं वळवून दाखवायचे, आज करंगळी इथवर आली, आज मधलं. सहाव्या-सातव्या वर्षी एकदा ते आले ते खुर्चीवर बसलेच. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकाला लागायला लागली होती. "काल तिनं आपली वेणी आपण घातली," ते म्हणाले. "लय येळ लागला. पण घातली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आनंद झाला होता, आणि तिथून पळून जावंसं वाटत होतं.

त्याच दिवशी, चहाचा कप खाली ठेवताना ते म्हणाले, "मला एक कळत नाय, फोटोबाई. त्या बाईच्या घरात खाट नव्हती. ही माणसं भुईवर निजणारी. खाटेखाली वाट्या ठेवायच्या हे तिच्या डोक्यात आलं कुठून?"

पंखा चालू होता. बाहेर कुणी नव्हतं. त्यांनी प्रश्न विचारला होता, आणि उत्तर द्यायला याहून चांगली वेळ आयुष्यात परत येणार नव्हती.

"कुणीतरी सांगितलं असेल," मी म्हणाले.

"आसंल," ते म्हणाले. "पण मी नीट सांगितलं असतं, तं कुणाचं काय ऐकायचं कारणच नव्हतं." आणि कप घेऊन गेले.

पुढे दिवस बदलले. नवं शतक लागलं तसे रॉड आले, प्लेटा आल्या. ऑपरेशन चालू असतानाच पडद्यावर हाड दिसायला लागलं. कुणाला दीड महिना पडून राहायचं नव्हतं, तिसऱ्या दिवशी चालायचं होतं. उरलेल्या प्लास्टरच्या जागी रंगीत फायबरच्या हलक्या पट्ट्या आल्या, त्या बांधायला दोन तरुण मुलं घेतली. मामा प्लास्टररूममध्ये नुसते बसून असायचे. माणसांना पाय दुमडून बसवायला मात्र उठायचे. त्या मुलांनी तक्रार केली, पेशंट हसतात म्हणून. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बसवू द्या त्यांना." तेवढं एक डॉक्टरसाहेबांनी चांगलं केलं.

निवृत्त झाल्यावरही मामा हरसूलला जात राहिले. मग छातीचा आजार झाला. पुडीनं झाला असं मामींचं म्हणणं, डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. मी दोनदा भेटायला गेले, दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेले. पहिल्या वेळी मामी समोर बसून होत्या. दुसऱ्या वेळी नव्हत्या. त्या दिवशी ते म्हणाले, "पोरीचं लगीन ठरलंय. मुलाकडच्यांनी हात बघितला अन् काय बोलले नाय. अकरा वर्षं गेली, फोटोबाई. मी त्या घरी चहा पितो तेव्हा दर घोटाला वाटतं, ही माणसं मला कशी काय चहा देतात?" मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि निघून आले. त्यांना सांगितलं असतं तर त्यांचा तो चहा तरी गोड झाला असता. पण मग अकरा वर्षं मी काय करत होते, हे त्यांनी विचारलं असतं. किंवा विचारलं नसतं, ते जास्त वाईट.

महिन्याभरात ते गेले. दहाव्याला मी गोदाघाटावर गेले. विधी त्यांच्या पुतण्यानं केले. माणसं फार नव्हती. हॉस्पिटलातून आम्ही तिघं, वस्तीतले काही लोक. मामी पायरीवर एकट्या बसल्या होत्या. पिंड ठेवला होता आणि सगळे कावळ्याची वाट बघत होते. तेवढ्यात पलीकडून एक बाई आणि एक तरुण मुलगी येताना दिसल्या. मुलीच्या गळ्यात नवं मंगळसूत्र होतं, उजवा हात पदराखाली. मी ओळखलं आणि खांबामागे सरकले. बाईनं मलाही ओळखलं होतं. तिनं मुलीला मामींकडे पाठवलं आणि स्वतः सरळ माझ्याकडे आली. केस पांढरे झाले होते.

"तुम्ही फोटोवाल्या बाई ना," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. मास्तरनं सांगितलं आज दहावा हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मामांना मी कधी बोलली नाय, बाई."

"काय?"

"तुम्ही वाट्या ठेवायच्या सांगितल्या ते. मामा जो शब्द बोलले होते तो हात मेल्याचा होता, ते मला मागून कळलं. तवा तुमची आठवण झाली. लय येळा तोंडात आलं होतं. ते पोरीची बोटं शेकीत बसायचे अन् आपल्यालाच शिव्या द्यायचे. मला वाईट वाटायचं. पण म्हटलं, चूक आपली नाय हे त्यांना कळलं, तं ते एवढ्या लांब कशाला येतील? येणारा माणूस तेवढा एकच होता आम्हाला. नसते आले तं पोरीचा हात तसाच ऱ्हायला असता. म्हणून नाय बोलली."

तिकडे मुलगी मामींच्या पायाशी वाकली होती. मामींनी तिचा उजवा हात पदराखालून ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून बघत होत्या. इतकी वर्षं नवरा कुठे जात होता, ते त्या पहिल्यांदा बघत होत्या.

"पाप लागंल मला," ती बाई म्हणाली. "लागू दे. पोरीचं झालं ना." मग तिनं माझं मनगट धरलं. "तुम्ही बी नाय बोलल्या त्यांना. एवढी वर्षं रोज संगती काम केलं, तरी नाय बोलल्या. मला तवाच समजलं होतं. घरी मी सांगायची, मामा देवमाणूस, पण त्या बाई बी काय कमी नाय. पोरीसाठीच राहिल्या ना गप?"

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला उत्तर हवं होतं.

"हो," मी म्हणाले.